आपण आणलेल्या वकीलबाई

फकिरा सकाळच्या पहिल्या एसटीनं देवगाव रंगारीहून निघून औरंगाबादेत मुकुंदवाडीच्या घराच्या दारात उभा राहिला, तेव्हा सारजाबाई उंबऱ्यातच थबकली. तीन वर्षांत सख्ख्या दिराचं पाऊल या घराला लागलं नव्हतं. लागणार तरी कसं? त्याच्या पोरानं, बद्रीनाथनं, सारजाबाईच्या धाकट्याच्या डोक्यात फावड्याचा दांडा घातला होता. सुदर्शन त्याच दिवशी गेला आणि बद्रीनाथ हर्सूलच्या जेलात गेला. तेव्हापासून दोन्ही घरांनी एकमेकांच्या हळदीकुंकवालासुद्धा तोंड दाखवलं नव्हतं.

"वैनी, आत येऊ का?" फकिरानं विचारलं.

थोरला मोतीराम आत अंघोळ करत होता. त्याच्या हिशेबानं सारजाबाईनं नाही म्हणायला हवं होतं. पण तोंडाला जी सवय लागलेली असते ती असते.

"या की. चपला आत काढा, इथं कुत्री पळवतात."

ती या घराण्यात नवी नवरी होऊन आली तेव्हा हा फकिरा ढगळ चड्डी सावरत दारात उभा होता आणि 'नवी वैनी' म्हणून सगळ्या गल्लीला तिचं तोंड बघायला बोलावून आणत होता. सासू लवकर गेली. फकिराचं जेवणखाण, शाळा, त्याच्या पहिल्या मिसरुडाचा नखरा, त्याचं लग्न, सगळं सारजाबाईनंच बघितलं. पुढं त्याला बद्रीनाथ झाला तो सुदर्शनच्या पाठोपाठ. मोतीराम, सुदर्शन, बद्रीनाथ अशी तीन पोरं एका परातीत बसून येसराची आमटी भुरकायची, आणि परात कुणी चाटायची यावरून रोज भांडण व्हायचं. पुढं घरं वेगळी झाली, चुली वेगळ्या झाल्या, तरी विहीर सामाईक राहिली. त्या विहिरीनंच शेवटी घात केला.

फकिराच्या मागून प्रेरणा आत आली. सुदर्शनची बायको. सारजाबाई तिच्याकडं बघतच राहिली. विधवा सून आणि आरोपीचा बाप एका एसटीतून उतरतात, हे तिच्या डोक्यात बसायला जरा वेळ लागला.

मोतीराम टॉवेलनं डोकं पुसत बाहेर आला आणि जागच्या जागी थांबला.

"काका इथं कशापायी? माय, तू घेतलंस आत?"

"मी आणलंय त्यान्ला," प्रेरणा म्हणाली.

"तू? तुझ्या नवऱ्याचा जीव घेणाऱ्याच्या बापाला तू इथं आणलंस?"

"भाऊजी, तीन वर्सं झाली. माझं रान कोण पेरतंय? अद्रक कोण काढतंय? तुम्ही का फोनवरून काढता?" प्रेरणाचा आवाज चढला नाही. ती दमलेली होती. "मला त्याच गल्लीत राहायचंय. रोज सकाळी दार उघडलं की काकांचंच तोंड दिसतंय. मला आता भांडण नको."

मोतीरामचं तोंड लाल झालं. कालपर्यंत ही भावजय त्याच्या शब्दाबाहेर नव्हती. बायकोला, आशाबाईला, त्यानं चहा टाकायला सांगितलं खरं, पण सांगितलं असं की कपबश्यांनाच धाक बसावा.

उद्या कोर्टात सारजाबाईची साक्ष होती. विहिरीवर काय झालं ते डोळ्यांनी बघणारी ती एकटीच. म्हणूनच आज वकीलबाईंनी तिला समर्थनगरच्या ऑफिसात बोलावलं होतं.

या वकीलबाई मोतीरामनं आणल्या होत्या. आणल्या म्हणजे काय, ओढून आणल्या. खटला जिल्ह्याच्या नेहमीच्या सरकारी वकिलानं चालवू नये, विशेष सरकारी वकील नेमावा, म्हणून त्यानं दिल्ली गेटला सरकारी कचेरीपुढं उपोषण केलं, कंपनीतल्या रजा संपवून मुंबईच्या खेपा घातल्या. अखेर सरकारचा आदेश निघाला. अ‍ॅडव्होकेट अनसूया देऊळगावकर, फौजदारी कामात ज्यांचं नाव, त्या या एका खटल्यापुरत्या सरकारी वकील झाल्या. त्या दिवशी मोतीरामनं गल्लीत पेढे वाटले. तेव्हापासून घरात त्यांचं नाव 'आपल्या वकीलबाई.' आशाबाई तर शेजारणींना असं सांगायची की वकीलबाई जणू तिच्या माहेरच्याच.

आणि गंमत अशी की, गावातल्या फकिराचाही समज तोच होता.

"मोती, तू वकील आणला," फकिरा चहाची बशी खाली ठेवून म्हणाला. "मला कन्नड गावातल्या एका शिकलेल्या माणसानं सांगितलंय. केस मागं घ्यायचा अख्त्यार सरकारी वकिलालाच असतोय, आन् ह्या केसात त्या तुझ्या बाईच सरकारी वकील. मंग तू त्यान्ला सांग. वैनीनं माफ केलं म्हणावं. तुमची वकील, तुमचं ऐकंल."

"अख्त्यार हाय त्यान्ला," मोतीराम हसला, पण ते हसू काही चांगलं नव्हतं. "म्हणूनच आणलंय. फाशीच्या दोरीपर्यंत न्यायला आणलंय. मागं घ्यायला नाय."

"वैनी, तू तरी बोल."

सगळ्यांची तोंडं सारजाबाईकडं वळली. तीन वर्षं हेच चाललं होतं. गावाकडं गेली की भावकी म्हणायची, सारजा, तू एक शब्द टाक. इथं आली की मोतीराम म्हणायचा, माय, तू मऊ पडू नको. आणि मोतीरामनं तिच्याकडून एक वचनही घेतलं होतं. विहिरीवर दांडा बसला आणि सुदर्शन रस्त्यावरच्या टेंपोत पोचला, या दोहोंच्या मधलं काही कुणापुढं काढायचं नाही. त्या दिवशी घाटी दवाखान्याच्या व्हरांड्यात ती सांगायला लागली होती, की पोराला बद्रीनंच उचललं, तर मोतीरामनं तिच्या तोंडावर हात ठेवला. 'माय, हे बोललीस तर तो सुटंल. सुदर्शनला परत मारशील तू.' पोलिसांनी नंतर विचारलं ते फक्त कुणी मारलं. तिनं ते सांगितलं. मधलं सगळं पोटात राहिलं आणि तिथंच कुजत बसलं.

"म्या अडाणी बाई," ती म्हणाली. "वकीलबाई काय सांगत्यात ते ऐकू. मंग बोलू."

मोतीराम स्कूटरवर पुढं गेला. काकाबरोबर एका रिक्षात बसायचं त्याच्या जिवावर आलं. रिक्षात मधे सारजाबाई, एका अंगाला प्रेरणा, दुसऱ्या अंगाला फकिरा. जालना रोडवरच्या गर्दीत रिक्षा अडकली की तिघंही आपापल्या बाजूला बघायची. क्रांती चौक जवळ आला तेव्हा फकिराच्या तोंडून निघून गेलं.

"वैनी, शाळेचे कपडे आठवतात का? तीन पोरांचे? गुलमंडीवर?"

आठवत नव्हते तर काय! सुगी बरी झाली होती. फकिरा आणि ती तिन्ही पोरांना घेऊन औरंगाबादला आली होती. दुकानदारानं तीन तऱ्हेचं कापड दाखवलं, आणि सारजाबाईनं एकाच ताग्यातलं तिघांना घेतलं, कारण तीन तऱ्हा घेतल्या असत्या तर घरी पोचेपर्यंत तिघांनी एकमेकांचे शर्ट फाडले असते. दुकानदार म्हणाला, 'तिन्ही तुमचेच का बाई?' ती म्हणाली, 'व्हय, माझेच.' फकिरा शेजारी उभा होता. त्यालाही त्यात काही वावगं वाटलं नाही. मग शहागंजात भजी खाल्ली, घड्याळाच्या मनोऱ्याखाली बद्री हरवला, सुदर्शननं रडून बाजार गोळा केला, आणि बद्री सापडला तो भज्याच्याच गाड्यावर. मोतीराम तेव्हाही थोरल्याच्या थाटात दोघांना रागावत होता.

ती हसली. हसता हसता डोळे भरले. फकिरानं बघितलं आणि तोंड रस्त्याकडं फिरवलं. किती गोड दिवस होते ते, आणि ते जगताना कुणाला कळलंसुद्धा नाही.

"लई रडला होता सुदर्शन," फकिरा बाहेर बघत म्हणाला.

"भावाशिवाय करमायचंच नाय त्याला," सारजाबाई म्हणाली. प्रेरणानं तिच्या हातावर हात ठेवला.

अनसूयाबाईंचं ऑफिस म्हणजे त्यांच्या बंगल्याची खालची खोली. पुस्तकांनी भरलेल्या भिंती, टेबलावर थर्मास, आणि चष्मा कपाळावर चढवून बसलेल्या पन्नाशीच्या वकीलबाई. मोतीराम आधीच समोर बसला होता, घरच्यासारखा, पाय लांब करून.

"या आजी, बसा. तुम्ही प्रेरणा ना? बसा. आणि हे?"

"माझे दीर," सारजाबाई म्हणाली. "फकिरा."

वकीलबाईंनी चष्मा खाली घेतला. "म्हणजे आरोपीचे वडील?"

फकिरानं हात जोडले.

"तुम्ही इथं थांबू शकत नाही," त्या उठूनच उभ्या राहिल्या. "उद्या या माझ्या साक्षीदार आहेत. आरोपीचे वडील साक्षीदाराला घेऊन माझ्या ऑफिसात येतात, हे कुणी बघितलं तर काय म्हणतील? बाहेर बसा, बाबा."

"बसतो, बाई. एक बोलतो आन् बसतो." फकिरा उंबऱ्याच्या बाहेर सरकला आणि चौकट धरून उभा राहिला. "माझ्या पोरानं मारलं. खोटं बोलत नाय. पर हे एका रक्ताचं हाय. तुम्ही ह्यांचे वकील. ह्यान्नी माफ केलं तर तुमच्या अख्त्यारात केस मागं घ्या. तुमच्या पाया पडतो."

"पाया पडू नका." वकीलबाईंचा आवाज मऊ झाला, पण शब्द नाही. "पहिली गोष्ट, मी यांची वकील नाही. मी सरकारी वकील आहे, या एका खटल्यापुरती. मोतीरामनी मागणी केली, सरकारनं नेमलं, एवढंच. तुम्ही ऐकलंय ते बरोबर आहे. या खटल्यात कोणता साक्षीदार तपासायचा, काय विचारायचं, ते मी ठरवते. खटला मागे घ्यायचा अर्जही मीच करू शकते. कलेक्टर नाही, मंत्री नाही. पण तो माझ्या बुद्धीला पटला तर. उद्या मंत्र्यांनी फोन केला म्हणून मी अर्ज केला, किंवा या आजींनी सांगितलं म्हणून केला, तर मग माझी गरजच काय? आणि मी अर्ज केला तरी न्यायाधीश परवानगी देतील तेव्हाच."

"वैनीनं माफ केलं तरी?"

"मनानं माफ करायला त्यांना कुणाची परवानगी नको. पण माणूस गेलाय, बाबा. खुनाच्या खटल्यात दोन घरांची तडजोड चालत नाही. तो खटला आता यांच्या हातात नाही, आणि मला तो मागे घ्यायला काही कारण दिसत नाही."

फकिराचा हात चौकटीवरून सुटला. तो जिन्याच्या पायरीवर जाऊन बसला. त्याची पाठ बघून सारजाबाईला वाईट वाटलं, फार वाईट वाटलं. पण त्याचबरोबर छातीवरचं काहीतरी खाली उतरल्यासारखंही झालं. तीन वर्षं भावकी तिला 'एक शब्द टाक' म्हणून टोचत होती. आणि तो शब्द तिच्याकडं नव्हताच! मग लोक उगीच तिच्या मागं का लागले होते? तिला वाटलं, हे आधीच कुणी सांगितलं असतं तर निदान झोप तरी लागली असती.

"ऐकलं का?" मोतीराम प्रेरणाकडं बघून म्हणाला. "माझ्या पाठीमागं गावातून लोक आणून काय मिळालं?"

वकीलबाईंनी दार लोटलं आणि सारजाबाईचा पोलिसांनी घेतलेला जबाब वाचून दाखवला. शेतीच्या लाइटची पाळी, सामाईक विहीर, अद्रक वाळायला लागली म्हणून सुदर्शननं बद्रीनाथच्या पाळीत पाण्याची मोटार चालू केली, शिवीगाळ, फावड्याचा दांडा. सारजाबाई मान हलवत होती.

"आणि मग एकदम टेंपो," वकीलबाई म्हणाल्या. "आजी, विहीर कुठं आणि डांबरी रस्ता कुठं. मी जागा बघून आलेय. सुदर्शन भरल्या अंगाचा माणूस. त्याला रस्त्यापर्यंत कुणी नेलं?"

सारजाबाईनं मोतीरामकडं बघितलं. मोतीरामनं पाय आखडून घेतले.

"मॅडम, ते नका विचारू."

"का?"

"त्याची गरज नाय. टेंपोवाल्यानं सांगितलंय, बाई होती, पेशंट होता. झालं की."

"टेंपोवाल्यानं असंही सांगितलंय की आणखी कुणीतरी होतं आणि ते पळालं. मोतीराम, तुम्हाला माहीत आहे ते कोण होतं."

मोतीराम उभा राहिला. "माहीत हाय म्हणूनच सांगतो. ते कोर्टात आलं तर त्याचा वकील त्याचं सोनं करील. म्हणील, मारायचं नव्हतंच त्याला. शिक्षा कमी होईल. तुम्हाला काय त्यासाठी आणलं का म्या? उपाशी बसलो मी तिथं! तुम्ही आमच्या बाजूनं बोलायला पायजे!"

"बसा." वकीलबाईंनी आवाज चढवला नाही. "शिक्षा कमी होऊ शकते, हे खरं आहे. मी तुम्हाला फसवणार नाही. पण जे घडलं ते आरोपीच्या फायद्याचं असलं तरी मला झाकता येत नाही. उद्या हा प्रश्न मीच विचारणार. त्याच्या वकिलानं विचारायची वाट बघणार नाही."

"मंग मी दुसरा वकील लावीन!"

"लावा. कोर्ट परवानगी देईल. पण तो माझ्या हाताखाली काम करील, प्रश्न काय विचारायचे ते मीच ठरवीन. आणि मी नकोच असेन तर सरकारकडं अर्ज करा. सरकारनं नेमलंय, सरकार काढू शकतं. तोवर हा खटला मी माझ्या पद्धतीनं चालवणार."

मोतीराम दाराकडं वळला आणि परत फिरला. त्याच्या तोंडाकडं बघून सारजाबाईला कळवळून आलं. हे पोर वाईट नव्हतं. धाकटा गेला तेव्हा हा कंपनीतल्या रात्रपाळीनंतरची झोप घरी काढत होता, फोन तीनदा वाजला आणि त्यानं तो उशीखाली ढकलला, हे त्याचं दुखणं. तेव्हापासून तो जे काही करत होता ते त्या फोनची भरपाई म्हणूनच करत होता. फाशीनं तरी ती भरपाई होईल, असं त्याला वाटत होतं.

"मोती," ती म्हणाली, "बस बाबा. म्या सांगते."

"माय, तू मला वचन दिलंय."

"दिलंय. पर तू सगळं ऐकलंच नाय तेव्हा. माझं तोंड दाबलंस."

तो बसला. प्रेरणा पुढं सरकली. तिनंही हे ऐकलेलं नव्हतं.

"दांडा बसला," सारजाबाई सांगू लागली, "आन् सुदर्शन पडला. मी किंचाळले. बद्री तसाच उभा. मंग त्यानं दांडा फेकला आन् सुदर्शनला खांद्यावर घेतलं. 'काकू, चल, काकू, चल,' म्हणत पळायला लागला. उसातून, काट्यातून. त्याच्या पाठीवरून रगत गळत होतं. मधेच तो पडला, गुडघे फुटले, परत उठला. रस्त्यावर टेंपो आडवा घातला. आम्हाला वर चढवलं. माणसं धावत आली तसा पळाला." तिनं पदरानं तोंड पुसलं. "मारलं त्यानंच. ते मी बोलणारच. त्याला सोडा म्हणत नाय. पर उचललं बी त्यानंच."

प्रेरणा तोंडावर हात घेऊन रडत होती. "आत्याबाई, शुद्ध होती त्यान्ला?" तिनं विचारलं. "काय बोलले का?"

मोतीरामनं मान वर केली.

"बोलला का तो?" त्यानं विचारलं. "माय, बोलला का?"

"बोलला. बद्रीच्या खांद्यावर असताना. मी शेजारून पळत होते. मला म्हणाला, 'माय, दादाला सांगू नको. बद्रीला लई मारील त्यो.'"

वकीलबाईंनी हातातलं पेन टेबलावर ठेवलं. त्या खालच्या आवाजात म्हणाल्या, "आजी, हे उद्या कोर्टात असंच सांगाल?"

"सांगीन," सारजाबाई म्हणाली.

मग तिनं मोतीरामकडं बघितलं. आता हा उठणार, दार आपटणार, काकाच्या अंगावर जाणार, असं तिला वाटलं. पण मोतीराम खुर्चीवरून खाली घसरला आणि तिच्या पायाशी फरशीवर बसला, पँटची इस्त्री मोडली तरी.

"माय," तो म्हणाला, "परत सांग. कसा म्हणाला?"

सारजाबाईनं त्याच्या ओल्या डोळ्यांकडं बघितलं, आणि सुदर्शन म्हणाला होता तसंच, त्याच्याच आवाजात, परत सांगितलं.